थॅलॅसेमिया, बीटा (कोल्हापूर परिसर)

हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणाऱ्या जनुकातील दोषामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. सदोष प्रत आईवडिलांपैकी एकाकडूनच आली तर व्यक्ती वाहक ठरते व सहसा तिला काही त्रास होत नाही. दोघांकडून आली तर साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात बाळ फिकट पडू लागते, पानथरी (प्लीहा) वाढते आणि पुढे दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अमेरिकेतील टॉमस कूली व पर्ल ली यांनी १९२५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. भारतातील पहिली नोंद १९३८ च्या सुमाराची, कलकत्त्यातील आहे.

उगमाबाबत मतभेद आहेत. सिकंदराच्या सैन्याबरोबर हा दोष भारतात आला, असे जुन्या लेखनात अनेकदा आढळते. रेणवीय पुरावा मात्र त्याला अनुकूल नाही. भूमध्य सागरी प्रदेशात कोडॉन ३९ आणि आयव्हीएस १-११० ही उत्परिवर्तने (जनुकातील बदल; त्यांची नावे जनुकातील जागेवरून पडलेली) प्रामुख्याने आढळतात. भारतात आयव्हीएस १-५ (जी→सी) सर्वाधिक, तर त्याखालोखाल ६१९ बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) लोप, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२ व आयव्हीएस १-१ ही दिसतात. एकाच उगमातून आलेल्या दोषांत इतका फरक पडणे अवघड आहे. आयव्हीएस १-५ भारतात अनेक हॅप्लोटाइपांसोबत (गुणसूत्रावर एकत्र वारशाने येणाऱ्या खुणांच्या संचांसोबत) सापडते. त्यामुळे ते एकाहून अधिक वेळा उद्भवले, की एकदाच उद्भवून पुनःसंयोगाने (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीने) पसरले, हा वाद चालू आहे. ६१९ चा लोप बहुतांशी एकाच हॅप्लोटाइपसोबत आढळत असल्याने त्याचा उगम एकच, बहुधा सिंध-गुजरात पट्ट्यातला, मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हे दोष टिकून का राहिले, याचे उत्तर मलेरियापासून वाहकांना मिळणाऱ्या संरक्षणात आहे, असे आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवले. ते आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

कोल्हापूरच्या दृष्टीने हा ६१९ चा लोप विशेष महत्त्वाचा आहे. करवीर तालुक्यातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ती रिकामी झाल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे तेथे वसली व आजची गांधीनगर ही कापडाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. देशातील वाहकांचे प्रमाण सुमारे ३ ते ४ टक्के धरले जाते. सिंधी समाजात ते त्याहून बरेच अधिक आहे. एखाद्या वस्तीतील उत्परिवर्तने तपासताना तिच्या स्थलांतराचा इतिहास आधी पाहावा लागतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच मिळेल.

दुसरा मुद्दा विवाहपद्धतीचा. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राचे वर्णन उत्तर व दक्षिण नातेपद्धतींमधला संक्रमण प्रदेश असे केले आहे. अशा जोडप्याच्या सामाईक आजी-आजोबांपैकी एक वाहक असेल, तर अपत्य बाधित होण्याची त्या वाटेने येणारी शक्यता ६४ मध्ये १ असते. तरीही वाहक जेथे मुळातच पुष्कळ, तेथे जातीअंतर्गत विवाह हेच मोठे कारण ठरते. नात्यातील लग्नाचा भार अधिक जाणवतो तो दुर्मीळ दोषांत, उदाहरणार्थ ग्लान्झमान थ्रोंबास्थेनिया या रक्तस्रावाच्या विकारात. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला बॉम्बे रक्तगट हा अतिदुर्मीळ रक्तगट विकार नव्हे, पण त्याची आनुवंशिकता याच अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असल्या तरच दिसणाऱ्या) पद्धतीची आहे.

निदान. वाहकाच्या रक्तात तांबड्या पेशी लहान व संख्येने जास्त असतात आणि हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) याचे प्रमाण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर जाते. लोहाची कमतरता असेल तर ए२ खाली येऊन वाहक निसटू शकतो. म्हणून आपल्याकडील स्त्रियांच्या तपासणीत लोहाची पातळी पाहणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणाऱ्या बाईची ही तपासणी झालीच पाहिजे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाधित अपत्याची शक्यता २५ टक्के असते व दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश तपासून निदान करता येते. दोन्ही कुटुंबांतील उत्परिवर्तन आधीच ओळखलेले असले, तर हे काम वेळेत होते.

उपचार. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात साठते. ते काढण्यासाठी डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन ही औषधे देतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने विकार बरा होऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलॅसेमियाबरोबरच सिकलसेल व हिमोफिलिया यांचाही समावेश आहे.