नगरपंचायतीच्या निधीतून मुलांच्या शिक्षणाला मदत: पात्रता, कागदपत्रे, अर्ज (आणि कचरा-दिव्यांचा हिशोब)

कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात वर्षातून एकदा नगरपंचायतीच्या नोटीस बोर्डावर एक कन्नड कागद लागतो. त्यावर २४.१०, ७.२५ आणि ५ असे तीन आकडे असतात. आपली माणसं घरपट्टी भरायला, उतारा काढायला त्याच बोर्डासमोरून ये-जा करतात, पण कन्नड वाचता येत नाही म्हणून कागदापाशी थांबत नाहीत. मुदत संपल्यावर कळतं की पलीकडच्या गल्लीतल्या मुलीला इंजिनिअरिंगच्या फीसाठी मदत मिळाली. आपल्या घरातली मुलगीही त्याला पात्र होती, फक्त अर्ज गेला नाही. मी गेली काही वर्षं ओळखीच्यांचे असे अर्ज भरून देतो. जे वारंवार सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहितो.

तीन आकडे कशाचे?

खानापूर, बोरगावसारख्या नगरपंचायती, संकेश्वर, सदलग्यासारख्या पुरसभा आणि निपाणीची नगरसभा या सगळ्या १९६४ च्या कर्नाटक नगरपालिका कायद्याखाली चालतात. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, व्यापार परवान्यांची फी हे त्यांचं स्वतःचं उत्पन्न. या उत्पन्नातला ठरावीक वाटा दुर्बल घटकांसाठी बाजूला काढावाच लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के, इतर मागास आणि गरीब कुटुंबांसाठी ७.२५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. २४.१० हा आकडा २०११ च्या जनगणनेतून आला आहे. कर्नाटकात अनुसूचित जातींची लोकसंख्या १७.१५ टक्के आणि जमातींची ६.९५ टक्के होती, त्याची ही बेरीज.

म्हणजे गावची घरपट्टी जितकी जास्त वसूल होईल, तितका हा वाटा मोठा. एप्रिल महिन्यात घरपट्टी भरली तर ५ टक्के सूट मिळते, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

एक गैरसमज आधी दूर करतो. शिक्षकांचे पगार, पाठ्यपुस्तकं, शाळेची मान्यता यांच्याशी नगरपंचायतीचा संबंध नाही. ते शिक्षण खात्याचं काम, त्यासाठी गटशिक्षणाधिकारी म्हणजे बीईओंचं कार्यालय. शाळेच्या किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षा अभियानातून पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान येतं. ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५ हजार, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार रुपये असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. तुम्ही एसडीएमसीवर (शाळेच्या पालक-देखरेख समितीवर) असाल तर बैठकीत हा हिशोब जरूर विचारा. नगरपंचायतीकडून मिळते ती शाळेला नव्हे, विद्यार्थ्याला मिळणारी मदत.

पात्रता

पहिली अट रहिवासाची. विद्यार्थ्याचं कुटुंब त्या नगरपंचायतीच्या हद्दीत राहणारं हवं. खानापूर तालुका म्हणजे खानापूर नगरपंचायत नव्हे. नंदगड, जांबोटी, लोंढ्याच्या पालकांनी इथे अर्ज करून उपयोग नाही, त्यांची ग्रामपंचायत वेगळी.

दुसरी अट प्रवर्गाची. २४.१० साठी अनुसूचित जाती किंवा जमातीचा दाखला लागतो. ७.२५ च्या बाबतीत जाहिरातीत कोणते प्रवर्ग लिहिले आहेत ते नीट वाचून घ्या. मराठा समाज कर्नाटकात ३-ब प्रवर्गात येतो, त्यामुळे ‘आम्ही ओबीसीत येतो का?’ या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या यादीवरून काढू नका. ५ टक्क्यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हवं. तिथे जातीचा प्रश्न येत नाही.

सीमाभागात सगळ्यात जास्त अडतं ते दाखल्याच्या राज्यावर. आपल्या सोयरिकी कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यापर्यंत. घरात आलेल्या सुनेचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा असतो आणि ती इथे पुढे शिकत असते. तो दाखला कर्नाटकातल्या राखीव निधीसाठी चालत नाही. लग्नामुळे राज्य बदललं म्हणून मूळ राज्यातलं आरक्षण सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ठरलेलं आहे. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे चार हेलपाटे वाचतात. तिच्या मुलांचा दाखला मात्र वडिलांच्या कागदांवरून इथल्या तहसील कार्यालयातून मिळतो.

अर्ज कोणत्या वर्गासाठी, पीयूसीसाठी (अकरावी-बारावी) की डिप्लोमा, इंजिनिअरिंग, मेडिकलसाठी, हे दर वर्षीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. मुलगा कोल्हापूर किंवा गोव्यात शिकत असेल तर अर्ज भरण्याआधी ती ओळ कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या.

कागदपत्रे

आधार कार्ड, रेशन कार्ड, राहत्या घराची चालू वर्षाची घरपट्टी पावती (भाड्याने राहत असाल तर भाडेकरार), जात आणि उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, शाळा किंवा कॉलेजचं स्टडी सर्टिफिकेट, फी भरल्याची पावती, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, दोन फोटो. शाळकरी मुलगा असेल तर त्याचा सॅट्स नंबर (शिक्षण खात्याच्या नोंदीतला विद्यार्थी क्रमांक). बऱ्याच ठिकाणी ‘हीच मदत दुसरीकडून घेतलेली नाही’ असं लेखी द्यावं लागतं. एसएसपीवरून (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून) शिष्यवृत्ती घेतली असेल तर ते लपवू नका, नंतर रक्कम परत मागितली जाते.

उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळतो आणि पाच वर्षं चालतो. दाखल्यावर वरच्या बाजूला आरडी नंबर असतो. अर्जात तोच लिहायचा असतो, बरेच जण चुकून पावतीचा नंबर लिहितात. दाखल्यासाठी अर्ज केल्यावर सकाल योजनेची (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या राज्याच्या योजनेची) पावती मिळते, तिच्यावर तारीख छापलेली असते. त्या तारखेपर्यंत दाखला आला नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे, पण ती पावती पुढे केली की काम हलतं, हा माझा अनुभव.

आता नावाबद्दल. सगळ्यात जास्त अर्ज इथे परत येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी परत आला. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत ते ‘डी-एन-वाय’ने सुरू होत होतं, आपण मराठी माणसं लिहितो तसं. नाडकचेरीतल्या दाखल्यावर कन्नडवरून इंग्रजी केलेलं, म्हणून ‘जे-एन’ने. आधारवर तिसरंच, ‘जी’ने. माणूस एक, कागदावर तीन. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोट दाखवलं आणि फाइल परत केली. त्याचं नियमाने बरोबर होतं, पण त्या मुलाचं तोंड पाहवत नव्हतं. प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडे गेलो तोपर्यंत पाच वाजून गेले.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: मुलाच्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रकावर जसं नाव आहे तसंच बाकी सगळीकडे करून घ्यायचं. बोर्डाचं गुणपत्रक बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आधार त्यामानाने लवकर होतं. दाखला काढताना नाडकचेरीतल्या ऑपरेटरसमोर गुणपत्रक धरा आणि अक्षर न् अक्षर बघून मगच ‘सबमिट’ म्हणा. चौगुले आणि चौगले, ळ आणि ल, मधलं नाव जोडून की सुटं, सगळं तपासा. वेळ उरलेला नसेल तर ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र अर्जाला आधीच लावून ठेवा.

अर्ज देताना

फॉर्म नगरपंचायतीतच मिळतो. भरून चीफ ऑफिसरांच्या नावे द्यायचा. देताना स्वतःची झेरॉक्स प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी नम्रपणे उभं राहा. पुढे यादीत नाव नसलं तर विचारायला तेवढा एकच पुरावा तुमच्याकडे असतो.

छाननी होते, यादी सभागृहापुढे जाते. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपलेली असेल तर प्रशासक मंजुरी देतात. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारून घ्या. पासबुकावर आधार नंबर लिहिलेला असणं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येकांचे पैसे इथेच अडकतात.

निधी कमी आहे असं उत्तर मिळालं तर

हे उत्तर बऱ्याचदा मिळतं, आणि ते खरंही असू शकतं. ज्या तिजोरीतून मुलांचा वाटा निघतो, तिच्याच भरवशावर सफाईचा ठेका आणि रस्त्यावरचे दिवे चालतात. म्हणून या दोन ठेक्यांचे कागद बघणं हा पालकांचाही विषय आहे, असं मला मनापासून वाटतं.

दिव्यांचं गणित अवघड नाही. १५० वॅटचा जुना सोडियम दिवा रात्री ११ तास जळला तर १.६५ युनिट खातो. त्याजागी ५० वॅटचा एलईडी बसवला तर ०.५५ युनिट. एका दिव्यामागे रात्रीला १.१ युनिट, वर्षाला साधारण ४०० युनिट वाचतात. गावात असे १,००० दिवे धरले तर वर्षाला ४ लाख युनिट. एलईडीचा ठेका देताना ‘बचतीतून ठेकेदाराचे पैसे भागतील’ असं सांगितलं जातं. तेव्हा बचत झाली की नाही हे हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) बिलावर दिसायला हवं. प्रत्येक जोडणीला आरआर नंबर असतो, पथदिव्यांची बिलं एलटी-६ (ब) या दरात येतात आणि पाण्याच्या पंपांची एलटी-६ (अ) मध्ये. दोन्ही एकत्र करून सांगितलेला आकडा स्वीकारू नका. ठेक्यात बघायच्या गोष्टी मोजक्या: किती दिवे, किती वॅटचे, बंद दिवा किती दिवसांत बदलायचा, नाही बदलला तर दंड किती, मुदत किती वर्षांची.

सफाईच्या ठेक्यात गाड्या किती, माणसं किती, त्यांच्या नावाने पीएफ भरला जातो का आणि गाडी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी येणार, एवढं पुरे. शाळेसमोरून गाडी जात नसेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्षांच्या सहीचं पत्र चीफ ऑफिसरांना द्या. त्याला खर्च काही नाही आणि ते लवकर होतं.

माहितीचा अर्ज

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्यायचा, फी १० रुपये. बीपीएल कार्ड असेल तर अर्जाची फी नाही, कार्डाची झेरॉक्स लावायची. कर्नाटकाच्या नियमांत दोन अटी आहेत ज्यांवर आपले अर्ज फेटाळले जातात: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. म्हणून दिवे आणि कचरा यांचे दोन वेगळे अर्ज करा.

भाषेबद्दल: कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलं आहे, म्हणजे इथे कन्नड. मराठीत दिलेला अर्ज भाषेच्या कारणावरून परत येऊ शकतो. कन्नड येत नसेल तर हिंदीत लिहा, तो अधिकार आहे. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घेण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने मदत करावी असं कलम ६ मध्येच आहे.

मजकूर असा ठेवा: ‘मागील आर्थिक वर्षातील पथदिव्यांच्या देखभालीचा करारनामा, पथदिव्यांच्या सर्व आरआर नंबरांची महिनावार वीजबिले आणि ठेकेदारास दिलेल्या रकमांची देयके यांच्या प्रती द्याव्यात.’ कारण लिहायची गरज नाही, आणि ‘का?’ असा प्रश्नही नको. कायद्याने कागद मागता येतो, स्पष्टीकरण नाही. मुलांच्या निधीसाठी तिसरा अर्ज: तिन्ही वाट्यांत किती रक्कम जमा झाली, किती खर्च झाली, किती शिल्लक.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांच्या आत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे, त्यामुळे बंगळूरला जायची भीती बाळगू नका. अपिलासोबत मूळ अर्जाची प्रत, फीची पावती आणि इनवर्ड नंबरची पोच लावायची.