गोळी चुकते ती फक्त विसरल्यामुळे नाही

घरातल्या वयस्कर माणसाची गोळी चुकली की "आता विसरायला लागले" असं आपण म्हणून टाकतो. मला हे अन्यायाचं वाटतं. विसरणं असतंच, पण गोळी पाकिटातून पोटात जाईपर्यंत डोळे, बोटं, घसा या सगळ्यांचीच परीक्षा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकाळच्या आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आणि हे फक्त म्हाताऱ्यांबद्दल नाही, सगळ्या वयांच्या रुग्णांबद्दल आहे.

नागपुरात महाल असो की प्रतापनगर, मेडिकलमध्ये पाच-सहाच गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. असतं तेही चमकत्या चंदेरी कागदावर, बारीक इंग्रजी अक्षरांत. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्या पिवळ्या भिंगातून पांढरी आणि फिकट पिवळी गोळी जवळजवळ सारखीच दिसते.

म्हणून आजी नाव वाचतच नाहीत. "बीपीची गुलाबी, शुगरची लांबट" अशी त्यांची ओळख पक्की असते. पुढच्या महिन्यात दुकानदार तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो आणि गुलाबी गोळी पांढरी होते. मग कुणी जुनी-नवी दोन्ही घेतं, म्हणजे डोस दुप्पट. कुणी नवी बाजूला ठेवतं. कापताना नाव आणि तारीख दोन्ही राहतील असा तुकडा मागून घ्या, आणि कंपनी बदलली तर घरी आल्याबरोबर सांगा.

संधिवाताने आखडलेल्या अंगठ्याला जाड फॉइल फुटत नाही. नातू मग आठवड्याच्या गोळ्या एकदमच डबीत काढून ठेवतो. सोय चांगली आहे, पण काही गोळ्या हवेतल्या दमटपणाने खराब होतात, पावसाळ्यात तर लवकरच. कोणत्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या, ते औषधवाल्याला विचारा.

गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात कुटणं मात्र धोक्याचं. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असली तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम अंगात उतरतो. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते; ती घेताना मान मागे टाकण्यापेक्षा किंचित पुढे झुकवली तर सहज उतरते.

आता उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्याही वर जातो, आणि हृदयासाठी किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना हा महिना सर्वांत अवघड. घामावाटे पाणी-मीठ जातंच, गोळीही तेच बाहेर काढते. शिवाय वयाबरोबर तहान लागल्याचं कळणंही मंदावतं. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. त्यात गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेतलं तर बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी मिळून किडनीला गंभीर इजा करू शकतात. डोस स्वतः कमी करू नका. मार्च संपता संपता डॉक्टरांना भेटून उन्हाळ्याचा डोस विचारून घ्या.

इन्सुलिनचंही तसंच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरातली बाटली साधारण ३० अंशांपर्यंत बाहेर चालते, पण इथल्या मे महिन्यात खोलीच त्याहून तापलेली असते. म्हणून तीही फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. दुकानातून आणताना स्कूटरच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये.

हृदयाचे डॉक्टर धंतोलीत, शुगरचे रामदासपेठेत, हाडांचे आणखी कुठे, असं अनेक घरांत असतं. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला माहीत नसतं. पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या: चालू, अर्धवट सोडलेली, डोळ्यांचे थेंब, मलम, वैद्यांचं चूर्ण, शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची गोळीही. आणि डॉक्टरांना आधी हेच विचारा, "यातली कोणती आता बंद करता येईल?"