उकिडव्या बसण्याची खूण

उकिडवं बसलं की पाऊल नडगीकडे इतकं वाकतं, की नडगीच्या हाडाची खालची कड घोट्याच्या हाडाला टेकते. ती जिथे टेकते तिथे दोन्ही हाडांवर नखाएवढी गुळगुळीत सपाटी दिसू शकते. लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांना १८९३च्या सुमारास पंजाबी माणसांच्या हाडांवर ती वारंवार आढळली. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपीयांत ती कमी दिसे.

इथवर सगळं सरळ होतं. पण ही सपाटी त्यांना पंजाबी गर्भांतही सापडली! ज्याचा पाय अजून जमिनीला लागलेला नाही, त्याच्या घोट्यावर बसण्याची खूण आली कुठून? चार्ल्स म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय वारशानं उतरली. कमावलेले गुण पोराबाळांत उतरत नाहीत, असं जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान त्याच काळात ठासून सांगत होते, त्यामुळे हा पुरावा स्फोटकच होता.

१९५४मध्ये बार्नेट या संशोधकांनी युरोपीय घोटे तपासले, तर अशी सपाटी तिथल्या गर्भांतही निघाली. पोटात बाळ पाय दुमडूनच असतं. म्हणजे खूण जातीजमातीची नव्हतीच. ती पुढे टिकते की बुजते, हे बरंचसं बसण्यावर ठरतं. चार्ल्स यांचं निरीक्षण पक्कं होतं, घाई झाली ती अर्थ लावताना.

वापरानं हाड बदलतं हे मात्र खरं. १९७७च्या एका अभ्यासात पट्टीच्या पुरुष टेनिसपटूंच्या खेळत्या दंडातल्या हाडाची भिंत दुसऱ्या दंडापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड भरली. माणूस तोच, जनुकं तीच, फरक फक्त रॅकेटचा.

कवटीची गोष्ट वेगळी. २००७मध्ये जगभरातल्या साडेचार हजारांहून अधिक कवट्यांची मापं तपासली गेली. आफ्रिकेपासून जितकं लांब जावं, तितकं एकाच समाजातल्या कवट्यांमधलं वैविध्य घटत जातं, असं दिसलं. कणगीतून मूठभर बी घेऊन नवं शेत पेरावं, त्यातली मूठ पुढच्या शेतात न्यावी, तसं माणसाचं आफ्रिकेतून जगभर झालेलं स्थलांतर. दर मुठीत काही वाण मागेच राहतात. जनुकांतही हीच उतरण दिसते.

गंमत म्हणजे त्याच डोक्याचा खालचा जबडा वेगळी साक्ष देतो. २०११च्या एका तुलनेत शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्यांचे जबडे लांब-अरुंद, तर शेतकऱ्यांचे आखूड-रुंद आढळले. कवटी पूर्वजांची वाट सांगते, जबडा ताटातलं.