शाळेचा पट का घटतो?

खेड्यातल्या सरकारी शाळेचा पट ७४ वरून ६९ वर आला की कारणांची चर्चा सुरू होते. शिक्षक बदलले, जवळच दुसरी शाळा निघाली, लोक गाव सोडून चालले. यातलं काही खरं असेलही, पण त्याआधी एक साधी वजाबाकी करावी. मधल्या वर्गांतली मुलं फक्त एक इयत्ता वर सरकलेली असतात. बेरीज मुख्यतः दोनच तुकड्या हलवतात: शेवटच्या वर्गातून बाहेर पडलेली आणि पहिलीत आलेली. पंधरा जण गेले, दहा आले, पट पाचाने घटला. सहा इयत्तांची शाळा असेल तर ही घट सुमारे बारा आणि सहा वर्षांपूर्वीच्या जन्मांमधला फरक असते. जन्मनोंदवहीत ती केव्हाच लिहिलेली होती.

बरं, तो फरक तरी किती अर्थपूर्ण? वर्षाला सरासरी १२ जन्म होणाऱ्या गावात दरवर्षी बरोबर १२ मुलं जन्मत नाहीत. अशा मोजणीतला निव्वळ योगायोगाचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे इथे साडेतीन. नऊ मुलांचं वर्षही नेहमीचंच आणि पंधरांचंही. वर्षाला १,२०० जन्म होणाऱ्या शहरात हाच चढउतार ३५ च्या आसपास, जेमतेम ३ टक्के. गावात मात्र २९ टक्के. शिवाय भावंडं एकत्र येतात आणि एकत्रच जातात. एका कुटुंबाने घर हलवलं की तीन इयत्तांत एकेक जागा रिकामी होते. म्हणून लहान शाळेच्या एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणारे अहवाल मला फारसे विश्वासार्ह वाटत नाहीत.

खरा कल शोधायचा तर एकेका वर्षी जन्मलेल्या मुलांचा माग काढावा लागतो. याचं ठळक उदाहरण जपानमध्ये आहे. तिथल्या पारंपरिक दिनदर्शिकेत दर साठ वर्षांनी येणारं 'अग्नी-अश्व' वर्ष मुलींच्या जन्मासाठी अशुभ मानलं जाई. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६ मध्ये १३.६ लाख, १९६७ मध्ये पुन्हा १९.४ लाख. ही खाच १९७३ मध्ये पहिलीत पोहोचली आणि दरवर्षी एकेक इयत्ता वर चढत १९७८ मध्ये सहावीत गेली. त्या वर्गांतल्या रिकाम्या बाकांचा शाळेच्या दर्जाशी काहीही संबंध नव्हता.

खेड्यातली दीर्घकाळची घट मात्र वेगळी. कामासाठी किंवा शिक्षणासाठी तरुण बाहेर पडतात, तेव्हा त्यांची पुढे होणारी मुलंही गावाबाहेर जन्मतात. दर स्त्रीमागे मुलांची संख्या तीच राहिली तरी तरुण स्त्रियाच कमी उरल्याने जन्म घटतात. त्यात जननदरही खाली आला तर दोन्ही परिणाम एकमेकांना गुणतात: स्त्रिया २० टक्क्यांनी कमी आणि दर स्त्रीमागे मुलंही २० टक्क्यांनी कमी, तर जन्म ३६ टक्क्यांनी कमी.

शाळेतल्या समाजगटांच्या टक्केवारीबाबतही सावध राहावं. साठ मुलांत एका भाषेची सहा मुलं असली तर प्रमाण १० टक्के. त्याच भाषेचं, तीन मुलांचं एक घर नव्याने आलं की ते १४ टक्क्यांवर जातं. कागदावर हा मोठा सामाजिक बदल दिसतो. प्रत्यक्षात एक कुटुंब राहायला आलेलं असतं.

पुढचा अंदाज किती लांबचा करता येतो? पुढच्या पाच वर्षांत पहिलीत येणारी मुलं आज जन्मलेली आहेत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांची वजाबेरीज केली की आकडा बराच नीट बांधता येतो. त्यापुढचा पट मात्र अजून जन्माला न आलेल्या मुलांचा असतो, आणि त्यांचे भावी आईबाप कोणत्या गावी राहतील हेही ठरलेलं नसतं.