डोमिसाईल आहे, पण बारावी कुठली?

दहावीचा निकाल लागला की कोथरूडपासून वाकडपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "आपलं डोमिसाईल आहे ना, मग बारावी कुठूनही करू दे." मेडिकलला जायचं असेल तर हे साफ चूक आहे, आणि दरवर्षी कुणीतरी याच भरवशावर नुकसान करून घेतं.

'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बारावीला खुल्या गटाला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) ५० टक्के लागतात, हे सगळ्यांना पाठ आहे. कॉलेजचं नाव मेरिटमध्ये धरत नाहीत. तेव्हा फर्ग्युसन की एसपी यावर घरात भांडू नका, घराजवळचं आणि प्रॅक्टिकल मनापासून घेणारं कॉलेज बघा.

खरी मेख पुढे आहे. बी. जे. मेडिकलसारख्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या. या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. डोमिसाईल तुम्ही कुठले रहिवासी ते सांगतं, शिकलात कुठे ते नाही. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, शाळा राज्यातली हवी.

घोळ होतो इंजिनिअरिंगमुळे. तिथे बाहेरून बारावी केलेल्यालाही स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या डोमिसाईलवर 'टाइप बी'मधून महाराष्ट्राचा उमेदवार धरतात. दादाचं तसं जमलं, म्हणून ताईला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात. क्लासवाले तिथल्याच एखाद्या शाळेत डमी, म्हणजे नुसती कागदोपत्री, ॲडमिशन करून देतात आणि मार्कशीटवर राजस्थानची शाळा येते. जन्म पुण्याचा असला तरी ८५ टक्क्यांचं दार बंद! डमीचा प्रकार मला मुळातच पटत नाही, पण निदान फी भरण्याआधी विचारा, बोर्डाचा फॉर्म कोणत्या गावच्या शाळेतून भरणार?

उलटंही होतं. दहावी बंगळुरूत करून आईबाबांच्या नोकरीपायी हिंजवडीत आलेल्या मुलानं बारावी इथे केली, तरी दहावी आडवी येते. बदलीच्या सरकारी नोकऱ्यांसाठी काही सवलती आहेत, त्या राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, शेजाऱ्यांना विचारू नका.

लातूरला खुशाल पाठवा, ते राज्यातच आहे. मात्र "मराठवाड्याचा कोटा मिळेल" म्हणून नको. मेडिकलचं ७०:३०, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, हे २०२० मध्येच रद्द झालं.