‘लोकच आळशी झालेत’ हे खरं नाही

‘इच्छा असेल तर माणूस कुठंही व्यायाम करतो, लोकच आळशी झालेत.’ कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरताना हे वर्षानुवर्षं कानावर पडतं. ते चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ५७ टक्के स्त्रिया तिथवर पोचत नाहीत. पुरुष ४२ टक्के. मग बायका पुरुषांपेक्षा आळशी म्हणायच्या का?

अडतं ते जागेपाशी आणि वेळेपाशी. स्वयंपाक आवरून बाई मोकळी होते तेव्हा अंधार पडलेला असतो. गल्लीतला दिवा बंद, फुटपाथवर दुचाक्या, कोपऱ्यावर टोळकं. तिला इच्छाशक्तीवर भाषण देऊन काय होणार?

इंग्लंडमध्ये लोकांचा खेळ-व्यायाम वाढावा म्हणून काम करणाऱ्या ‘स्पोर्ट इंग्लंड’ या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये त्यासाठी १२ ठिकाणं निवडली. तिथल्याच लोकांना सोबत घेऊन नेमकं कुठं अडतं ते शोधायचं, हा त्यामागचा विचार.

कोल्हापुरात तर पेठापेठांत तालीम आहे. गणपती असो वा फुटबॉल, तालीम मंडळ म्हटलं की माणसं जमतात. याच मंडळांनी गल्लीतल्या बायकांना विचारावं, किती वाजता जमेल, कुठं बरं वाटेल? आणि त्या सांगतील त्या वेळी तालमीचं अंगण त्यांच्यासाठी मोकळं ठेवावं.