धोतरा की बिट्टी? पूजेच्या एकाच टोपलीतली दोन वेगळी विषं

श्रावण सोमवारी नागपुरात तेलनखेडीच्या शिवमंदिराकडे जाताना टोपल्यांमध्ये बेलपानांशेजारी धोतऱ्याची काटेरी बोंडं आणि पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फुलं एकत्रच दिसतात. दोन्ही महादेवाला वाहतात आणि दोन्ही विषारी, हे घरोघरी ठाऊक असतं. पण ती वेगवेगळ्या तऱ्हेने विषारी आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही.

आमच्या गल्लीतला सात वर्षांचा मुलगा एका दुपारी असंबद्ध बडबडायला लागला. हवेतून काहीतरी वेचायचा, आईलाही ओळखेना. "बाई, याले बाहेरचं लागलं वाट्टे," आजी म्हणाली. मी त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. लख्ख उजेडातसुद्धा डोळ्यांतल्या बाहुल्या पसरलेल्या, काळ्याभोर. ओठ सुकलेले, अंग भट्टीसारखं गरम आणि घामाचा थेंब नाही. चड्डीच्या खिशात चपट्या तपकिरी बिया निघाल्या, मिरचीच्या बियांसारख्या. धोतराच होता.

धोतऱ्यात अॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. लाळ, घाम, लघवी, आतड्यांची हालचाल हे सगळं ती रोखून धरतात आणि हृदय जोरात पळवतात. बहुतेक वेळा तासाभरात लक्षणं दिसू लागतात. आतडीच मंदावल्यामुळे बिया पोटात रेंगाळतात आणि भ्रम एक-दोन दिवसही टिकतो. दवाखान्यात ताप उतरवतात, सलाइन लावतात, लघवी अडली तर नळी घालतात, फार खवळला तर शांत करणारं इंजेक्शन देतात. फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, पण तो सहज मिळत नाही आणि प्रत्येकाला लागतही नाही. तो मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला. आजीच्या मनासारखं आधी मांत्रिकाकडे नेलं असतं, तर तेवढे तास फुकट गेले असते.

बिट्टीची मला जास्त धास्ती वाटते, कारण तिथे असा तमाशा होत नाही. फळ हिरवं, गुळगुळीत, कोपरे असलेलं; पिकलं की काळं पडतं. तोडलं की बोटांना पांढरा चीक लागतो. आतल्या टणक कवचाच्या बियांशी मुलं खेळतात. ही बी पोटात गेली तर तोंडात जळजळ होते, उलट्या होतात, पोट दुखतं. मूल शुद्धीत असतं, नीट बोलतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काही खाल्लं असेल, झोपू द्या. आणि त्याच वेळी आत हृदयाचे ठोके मंदावत असतात, अडखळत असतात. बिट्टीतली ग्लायकोसाइड्स ही विषारी द्रव्यं हृदयाच्या डिजॉक्सिन या औषधासारखी वागतात. रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. लाल-पांढऱ्या कण्हेरीचं विषही याच जातीचं, आणि तिची पानं वाळली तरी ते जात नाही.

आता उपचारातला फरक बघा. बिट्टीने ठोके मंदावले की डॉक्टर अॅट्रोपिन टोचतात, म्हणजे धोतऱ्यात असतं तेच! तेवढ्याने भागलं नाही तर तात्पुरता पेसमेकर लावावा लागतो. डिजॉक्सिनविरोधी अँटिबॉडीचा उपयोग होतो, पण ती महाग आणि दुर्मीळ. म्हणून कोणतं झाड हे कळणं महत्त्वाचं. फांदी, फळ, बिया, जे सापडेल ते पिशवीत घालून सोबत न्या, आणि किती वाजता खाल्लं तेही सांगा.

घरी करायचं ते थोडंच. तोंडात उरलेलं बोटाने काढा, चूळ भरू द्या. मिठाचं पाणी, तूप, दूध, लिंबू काही पाजू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. भ्रमात असलेल्या मुलाच्या श्वासनळीत ती जाऊ शकते. विषावर देतात तो कोळसा चुलीतला नव्हे, तो दवाखान्यातच देऊ द्या. 108 ला फोन करा, किंवा जवळ जे वाहन असेल त्याने मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं.

आणि बिट्टी खाल्ल्याचा नुसता संशय असला, मूल हसत-खेळत असलं, तरी ईसीजी काढल्याशिवाय परत फिरू नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी रात्रभर मॉनिटरवर ठेवायची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ठोके कधीकधी काही तासांनी बिघडतात.